चिमटीची सातवी नळी

लग्न होऊन आमच्या घरात आली त्याच्या चौथ्या दिवशी तिने माझ्या चहाच्या कपातून केस काढला. बोटाने नाही हं. पर्स उघडली, आतून एक लांब, टोकदार, चकचकीत चिमटा काढला, केस अलगद उचलला, कागदात गुंडाळला, चिमटा पुसून परत ठेवला आणि मला म्हणाली, "घ्या ताई, प्या आता."

मी कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तिथल्या तिथे तिचं नाव ठेवलं. चिमटी. आज तिच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा तिला चिमटीबाई म्हणतो. खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर असतं.

ही माझी धाकटी जाऊ. हिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, बेकरीत भट्टी सांभाळतात. आणि ही नळ्या बनवते. पाण्याच्या नाही. पहिल्यांदा मीही तेच विचारलं होतं, "बरं झालं बाई, आपला मोरीचा पाइप गळतोय," तर भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ती नळी नेमकी काय हे कळायला मला सहा वर्षं लागली. तुम्हाला दोन मिनिटांत सांगते, म्हणजे माझी प्रगती बघा. मुरंब्याच्या बरणीएवढी काचेची नळी. आत हवा नाही, पार उपसून काढलेली. एका टोकाला काचेवर आतून एक थर दिलेला असतो, इतका पातळ की त्याच्यातून आरपार दिसतं. त्या थरावर जरासा जरी उजेड पडला तरी त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. पंधरा हजार व्होल्टचा ओढा लावला की ते सुसाट धावत दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर आदळतात आणि पडदा हिरवा चमकतो. म्हणजे इकडे डोळ्याला दिसणारही नाही इतकं अंधूक चित्र, तिकडे तेच चित्र लख्ख. फक्त उलटं. खालचं वर आणि डावीकडचं उजवीकडे. झालं. यासाठी लोक कॉलेजात पाच वर्षं घालवतात.

सगळा जीव त्या थरात. आणि तो थर द्यायचं काम चिमटीचं.

ती काही शिकलेली इंजिनियर नाही. बाविसाव्या वर्षी नळ्या बनवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत काचा धुवायला लागली. अ‍ॅसिडने धुवायच्या, मग उकळत्या शुद्ध पाण्याने, आणि नंतर हात लावायचा नाही. बोटाचा एक ठसा उठला तरी त्या घामातल्या मिठाने थराचं वाटोळं होतं. म्हणून तो चिमटा. पण तिचा खरा गुण वेगळा होता, आणि तो सापडला अपघाताने. एक दिवस मोठे साहेब स्वतः थर देत होते. आधी अँटिमनी नावाच्या धातूचा मणी तापवायचा, त्याची वाफ काचेवर बसते आणि काच किंचित काळवंडते. किती काळवंडू द्यायची, तेवढंच कळायला हवं. साहेब मोजमाप घेत बसले होते. मागून काचा नेता नेता ही म्हणाली, "साहेब, बास करा. जास्त होतंय."

"तुला काय कळतं?"

"रंग कळतो."

मीटर बघितलं तर खरंच जास्त झालं होतं. चिमटीचे वडील रंगारी. कापडं रंगवायचे. लहानपणी ही टाकीच्या काठावर बसून सांगायची, बाबा, आता काढा. एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही. तो डोळा घेऊन ती आली होती, आणि प्रयोगशाळेने तिच्याकडून वर्षभर नुसत्या काचा धुऊन घेतल्या! असो. साहेब सज्जन. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला थराच्या टेबलावर बसवलं.

त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत भाऊजींनी एकच विनोद केला, पण तो दर महिन्याला. "माझ्या बायकोचा दिवा जगात भारी. अकरा वर्षं बनवतेय, अजून लागला नाही."

ती हसायची. मला मात्र ते हसू बघवायचं नाही. कारण विनोदात खोट काहीच नव्हती. वेधशाळेला दुर्बिणीला लावायला नळी हवी होती, अगदी मंद तारे बघायला. अट अशी की थराची ताकद मोजणाऱ्या मीटरचा काटा पन्नासच्या वर गेला पाहिजे. चिमटीच्या नळ्या अडतीस, एकेचाळीस, चाळीस. सहा नळ्या गेल्या, सहाही नापास. मग वरच्या कार्यालयातून पत्र आलं. सातवी शेवटची. ती जमली नाही तर वेधशाळा बाहेरच्या कंपनीची तयार नळी घेईल, टेबल मोडायचं, पंप दुसऱ्या विभागाला द्यायचा आणि चिमटीबाईंनी पार्सल विभागात खोकी बांधायची.

पत्र घरी आणलं होतं तिने. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि चिमट्याने त्याची घडी सरळ करत बसली. म्हटलं, "अगं, कागद आहे तो, हाताने उचल." तर म्हणाली, "ताई, खोक्यांना हातच लावायचेत पुढे. सवय करते हळूहळू."

अशी बोलली की मला पुढे चिडवताच येईना. हे माझ्या बाबतीत फार क्वचित होतं.

आता सातव्या नळीचा दिवस. इथे माझा गुन्हा आहे, तो मी स्वतःच कबूल करते, कारण नाहीतर चिमटी सांगेल आणि ती मीठमसाला लावून सांगते.

अँटिमनीनंतर सिझियम, हाही धातूच. सिझियमची वाफ हळूहळू नळीत सोडायची. थर आधी जांभळट होतो, मग लालसर. मीटरचा काटा चढत जातो, चढत जातो, आणि एका जागी शिखर गाठतो. पुस्तक सांगतं, शिखर दिसलं की वाफ ताबडतोब बंद. आणखी सोडली तर काटा कोसळतो. त्यामुळे त्या वेळी चिमटी डोळ्यात तेल घालून बसलेली असते आणि खोलीत कोणी शिंकतसुद्धा नाही.

नेमका तेव्हा मी फोन केला.

खोलीत काच फुंकणारे मामा होते. नळ्यांच्या काचा तेच घडवतात, गाल असे की दोन्हीकडे एकेक लाडू ठेवल्यासारखे. फोन थांबेना, म्हणून त्यांनी उचलला आणि रिसीव्हर चिमटीच्या कानाला लावून धरला, कारण ती फोनला हात लावत नाही. हातमोजे मळतात.

"अगं, मोठी कात्री कुठेय?" मी.

"ताई, मी आत्ता..."

"एका शब्दात सांग आणि सोड."

"कपाटात."

"कुठल्या? घरात तीन कपाटं आहेत."

"बाहेरच्या खोलीतल्या. वरच्या खणात."

"वरच्या खणात नाहीये. तिथे तुझ्या नवऱ्याचे मोजे आहेत. एकेकटे. जोडी एकाचीही नाही."

"मग शिवणाच्या डब्यात... अगंबाई!"

हे अगंबाई मला नव्हतं. काट्याला होतं. बेचाळीसवर जाऊन तो उतरायला लागला होता. तिने वाफ बंद केली तोवर एकोणीसवर आला. मामांच्या हातातून रिसीव्हर लोंबकळत राहिला आणि मी पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले. कात्री शिवणाच्या डब्यातच होती, सापडली.

मामा सांगतात, तिने आधी वाफेची चावी पुन्हा एकदा तपासली. मग तिने नळी तापती ठेवणारी भट्टी बंद करायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"राहू दे, मामा. जास्त झालेला रंग बाबा गरम पाण्यात खळबळून काढायचे. जादाचा निघून जातो, मुरलेला राहतो. मेलेली नळी आहे, आणखी काय मरणार?"

वाफ बंद, पण भट्टी चालू. पंप चालू. जादाचं सिझियम निघतंय का बघायचं. दहा मिनिटं काटा एकोणीसवर. मग वीस. मग पंचवीस. मामांनी खुर्ची ओढली. बेचाळीस झालं, म्हणजे जिथून पडला होता तिथे परत आला. आता थांबेल, असं दोघांनाही वाटलं. थांबला नाही. पन्नास! मामांनी टोपी काढून हातात घेतली, ती का हे त्यांनाही सांगता येत नाही. काटा थांबला एकसष्टवर.

चिमटीने भट्टी बंद केली, मधली काच वितळवून नळी पंपावरून वेगळी केली आणि मग मला फोन केला. मामांनीच लावून दिला.

"ताई, कात्री मिळाली?"

"मिळाली की. तू एवढी किंचाळलीस का?"

"काही नाही. घरी येऊन सांगते. आणि ताई, तुमचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं. पण आधी तुमचा गळा दाबणार आहे."

झालं तर. तुम्ही म्हणाल जिंकली. तसं नसतं हो. काटा चढला तरी अंधाराची परीक्षा राहते. नळी पूर्ण काळोखात चालू करायची आणि पडद्याकडे बघत बसायचं. उजेडच नाही, तर पडदा काळा राहिला पाहिजे. अर्ध्या तासात आठ-दहा ठिपके चमकले तर चालतं. जास्त ठिणग्या दिसल्या तर नळीत दोष, नापास. आणि ठिणग्या येण्याचं एक मोठं कारण काय माहितेय? सिझियम जास्त होणं. म्हणजे माझा फोन. हे मला तिने परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलं, भांडी पुसता पुसता, सहज. मी तिच्या हातातलं फडकं घेऊन उरलेली भांडी स्वतः पुसली. त्या दिवसापासून आमच्या घरात कात्री खिळ्याला टांगलेली असते.

परीक्षेची काळोखी खोली म्हणजे चिमटीचा मानबिंदू. तिने स्वतः तिला काळा रंग दिलाय, छतासकट. दाराच्या फटींना लोकरीचा जाड नमदा, कुलपाच्या भोकात मातीचा गोळा. दारावर पाटी, तिच्या अक्षरात: घड्याळ नको. पांढरा सदरा नको. बोलणं नको. खाणं नको. घड्याळ नको कारण काटे चमकतात. पांढरा सदरा नको कारण धुलाईच्या पावडरीने तो अंधारात जरा उजळतो म्हणे. आणि खाणं नको कारण एकदा बिस्किटाच्या चुऱ्यामागे मुंगी आली, मुंगी विजेच्या जोडणीत शिरली आणि तिची ठिणगी होऊन गेली. त्या मुंगीवरून चिमटीने साहेबांना जे सुनावलं, ते साहेब अजून विसरलेले नाहीत. बिस्किट त्यांचंच होतं.

नळीच्या तोंडाला बसेल असं एक काळं झाकणही होतं. नियमाप्रमाणे ते लावून परीक्षा करायची. पण खोलीच इतकी काळी, तर झाकण कशाला? झाकण लावणं म्हणजे चिमटीच्या खोलीवर अविश्वास. अकरा वर्षं ते ड्रॉवरमध्ये, आलं त्या कागदात, तसंच गुंडाळलेलं. हे लक्षात ठेवा.

सकाळी अकराला वेधशाळेच्या मॅडम आल्या. उंच, किडकिडीत, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं. "चालू करायचं?" एवढंच. खोलीत तिघं. मॅडम पडद्याला डोळा लावून, चिमटी विजेच्या बटणापाशी, आणि चार मीटरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, चाचणीच्या दिव्यापाशी साहेब. नंतर तो दिवा हळूहळू लावायचं काम त्यांचं, तोवर नुसतं बसायचं. मामा दाराबाहेर. शेजारच्या खोलीत पंपाची घरघर.

डोळे काळोखाला सरावायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ तिघं तशीच बसली. मग चिमटीने व्होल्ट चढवले.

"काळा आहे," मॅडम म्हणाल्या. "छान काळा आहे."

मिनिट गेलं.

"ठिणगी."

चिमटीने मनात म्हटलं, एक चालते.

"अजून एक. दोन. चार एकदम." मॅडमचा आवाज सपाट होता. "आता थांबल्या. पुन्हा आल्या. पाच, सहा... बाई, हे मोजण्यापलीकडे आहे. आत वायू राहिलाय, नाहीतर सिझियम जास्त झालंय."

तिकडे साहेबांनी नुसता सुस्कारा टाकला. चिमटी मला म्हणाली, "ताई, त्या क्षणाला मला खोकी दिसली. एकावर एक रचलेली. आणि सुतळीचा वाससुद्धा आला." तिच्या ओठांवर आलं होतं, मॅडम, चूक माझी आहे, फोन आला होता. पण त्याऐवजी तिने दुसरंच विचारलं.

"मॅडम, ठिणग्या कुठे दिसतायत? सगळीकडे?"

"नाही. एकाच जागी. वर, डावीकडे."

"मग नळी जरा फिरवून बघता? चाकासारखी, जागच्या जागी."

"कशासाठी?"

"माझे वडील कापड रंगवायचे. कापडावर डाग दिसला की आधी कापड फिरवायचे. डाग कापडाबरोबर फिरला तर डाग कापडाचा. जागेवर राहिला तर खिडकीच्या काचेवर काहीतरी बसलंय, त्याची सावली. मग टाकीला शिव्या द्यायच्या नाहीत."

काळोखात मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली. मग मॅडम म्हणाल्या, "वीज बंद करा."

चाचपडत त्यांनी नळी पाव फेरा फिरवली. चिमटीने परत व्होल्ट चढवले. आणि पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन मिनिटं. एक ठिणगी नाही! चिमटीला वाटलं, आता हे काय? फिरवल्याने दुरुस्त झाली? नळी आहे की किल्लीचं खेळणं?

"आली," मॅडम म्हणाल्या. आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "वर डावीकडेच! तिथल्या तिथे! नळी फिरली आणि ठिणग्या फिरल्या नाहीत."

"म्हणजे नळीतल्या नाहीत."

"नाहीत. बाहेरून उजेड येतोय. या खोलीत उजेड आहे."

आता बघा, जीव वाचल्यावर माणसाला आनंद व्हावा की नाही? चिमटीला राग आला. "माझ्या खोलीत? उजेड? शक्यच नाही!"

"चित्र उलटं येतं ना? वर डावीकडे दिसतंय, म्हणजे प्रत्यक्षात खाली उजवीकडे. तिथे काय आहे?"

चिमटी खोलीचा कोपरा न् कोपरा ओळखते. "तिथे... तिथे साहेब आहेत."

चिमटी त्या कोपऱ्याकडे वळली.

"साहेब?"

"अं?"

"तुम्ही काय करताय तिथे?"

"मी? काही नाही. बसलोय."

"घड्याळ?"

"बाहेर ठेवलंय. देवाशप्पथ."

"मग तोंड का भरलंय तुमचं?"

यावर साहेबांनी काहीतरी गिळलं. ते गिळणं पंपाच्या घरघरीतही ऐकू आलं, असं मामा दाराबाहेरून सांगतात, पण मामांचं निम्मं सोडून द्यायचं.

"साहेब, तुम्ही खाताय?"

"खात नाहीये. चघळतोय. म्हणजे... खडीसाखर आहे, चिमटीबाई. सिगारेट सोडल्यापासून घसा कोरडा पडतो हो. त्यात आज हा दिवस. एकच खडा होता."

"एकच?"

"पुडी होती."

मॅडमनी मध्येच विचारलं, "चघळताय की चावताय?"

"घाबरलो की चावतो. मघाशी तुम्ही खाण्यापिण्याचं काही बोलाल म्हणून गालात धरून ठेवला होता तीन मिनिटं. मग राहवलं नाही."

"चावा," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"अजून एक खडा घ्या आणि चावा. तोंड उघडं ठेवून. माझ्याकडे बघून."

पंचावन्न वर्षांचा माणूस, त्या विभागाचा प्रमुख, काळोखात जबडा वासून बसला आणि दाढेखाली खडीसाखर धरून कुडुम! आणि वेधशाळेच्या त्या कापून बोलणाऱ्या मॅडम लहान मुलीसारख्या ओरडल्या.

"दात दिसतायत! अहो, दात दिसतायत तुमचे! पुन्हा चावा! थांबा... तुमचा खालचा एक दात नाहीये. डावीकडचा. मधून तिसरा."

"पाडलाय तो," साहेब तोंड मिटून, अतिशय दुखावल्या आवाजात म्हणाले. "गेल्या वर्षी."

साखरेचा खडा फुटतो ना, त्या फुटण्यात इवलासा उजेड पडतो. हे साहेबांना पुस्तकात वाचून ठाऊक होतं, पण पुस्तकातलं आपल्या तोंडात चाललंय हे कोणाच्या लक्षात येतं? आधीच्या सहा नळ्यांसमोरही त्यांनी पुड्याच्या पुड्या फोडल्या असतील. त्या सहांना दिसलं नाही. सातवीला चार मीटरवरून साहेबांचा पडलेला दात मोजता आला!

"इकडे या," मॅडम चिमटीला म्हणाल्या. "बटण मी धरते."

आणि माहितेय, चिमटीने तोवर स्वतःच्या नळीतून कधी बघितलंच नव्हतं. तिची जागा बटणापाशी. अकरा वर्षं दुसरे बघायचे आणि ती आवाजावरून ओळखायची, पास की नापास. त्या दिवशी तिने डोळा लावला. साहेबांनी, बिचाऱ्यांनी, तिच्यासाठी खास मोठा खडा निवडला. हिरव्या पडद्यावर उलटं हसू चमकलं, विझलं, परत चमकलं.

"काय दिसलं गं?" मी विचारलं होतं.

"साहेब दिसले. उलटे. इतके देखणे कधीच दिसले नव्हते."

मग मामांना आत घेतलं. मामांनीही दोन खडे फोडून घेतले, आणि मग मॅडमनी स्वतःच्या तोंडात एक टाकला म्हणजे साहेबांनाही बघता येईल. पाटीवर खाणं नको लिहिलेल्या खोलीत चार मोठी माणसं पुडी संपेपर्यंत साखर फोडत होती. ही सरकारी वेळ होती हं, सकाळची.

शेवटी मॅडमनी ड्रॉवरमधून ते झाकण मागवलं. अकरा वर्षांनी त्याचा कागद सुटला. झाकण लावून, साहेबांना खोलीबाहेर काढून, अर्धा तास परीक्षा. दहा ठिपके चालतात, आले तीन. मॅडम बाहेर उजेडात आल्या, डोळे मिचकावत सही केली, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: नळी अपेक्षेपेक्षा अधिक संवेदनशील आहे. परीक्षेच्या वेळी कर्मचाऱ्यांनी गोड खाऊ नये.

तो कागद प्रयोगशाळेने चौकटीत लावलाय. साहेबांच्या खोलीत नाही, साहेबांनी हात जोडले. चिमटीच्या टेबलावर आहे.

खोकी बांधायचं पत्र रद्द झालं. पण एका नळीने काय सिद्ध होतं, म्हणून चिमटीने आठवी केली, मुद्दाम शिखर ओलांडून, फोनशिवाय. अठ्ठावन्न. नववी, त्रेसष्ट. मग कामाच्या तक्त्यात चौदावी पायरी नवीन घातली: शिखरावर थांबू नये, पुढे जाऊन भट्टीत परत आणावे. तक्ता सगळ्या टेबलांना गेला. त्यात माझं नाव कुठेही नाही, मी तपासलं. पण तिथले लोक त्या पायरीला आपापसात "ताईंचा फोन" म्हणतात. काटा शिखरावरून उतरायला लागला की कोणीतरी विचारतं, "ताईंचा फोन आला का?" आणि नवीन आलेल्या मुली बिचाऱ्या खरंच फोनकडे बघतात.

सातवी नळी दुर्बिणीला लागली. मॅडमनी तिने टिपलेला पहिला फोटो पाठवला, काळ्या कागदावर कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी. पूर्वी तिथे नुसतं काळं दिसायचं म्हणे. मी चिमटीला म्हटलं, "यापेक्षा साहेबांचा दात बरा होता." ती म्हणाली, "ताई, तो दात चार मीटरवर होता. हे किती लांब आहे ते मॅडमनी लिहिलंय, पण त्या आकड्यातली शून्यं मोजताना माझी नजर घसरते."

आणि मग त्या रविवारी दुपारी तिने आम्हा सगळ्यांना सामानाच्या खोलीत कोंडलं. खिडकीला दोन घोंगड्या, दाराच्या फटीला पायपुसणं. भाऊजी, मी, माझा नवरा, गव्हाच्या डब्यावर, शिडीवर, जिथे जागा मिळेल तिथे. वीस मिनिटं गप्प बसायचं. मी गप्प बसले! याचा साक्षीदार माझा नवरा आहे, त्याने घड्याळ लावून मोजलं असतं, पण घड्याळ बाहेर ठेवायला लावलं होतं.

काळोखात खडीसाखरेवर पक्कड वाजली. कुडुम. आणि तिच्या हातापाशी निळसर काहीतरी लुकलुकलं. काजव्याहूनही कमी. पुन्हा. पुन्हा. नुसत्या डोळ्याला, आमच्या घरात, डाळीच्या पिंपांमध्ये.

शिडी करकरली, कोणीतरी पुढे वाकलं. मग भाऊजी, ज्यांचा विनोद अकरा वर्षं दर महिन्याला ठरलेला होता, ते हळू आवाजात म्हणाले, "आणि एवढ्याशा उजेडात तू माणसाचे दात दाखवतेस?"

"मोजून," चिमटी म्हणाली.

"लागला गं तुझा दिवा," भाऊजी म्हणाले.

दार उघडलं. उजेडात बघतो तर चिमटीच्या मांडीवर साखरेचा चुरा. तिने पर्सकडे हात नेला, मला वाटलं आता चिमटा निघणार. नाही निघाला. बाईने बोटांनी, उघड्या बोटांनी, तो चुरा गोळा केला, तोंडात टाकला आणि पाचही बोटं एकेक करून चाटली.

"शी!" मी म्हटलं. "आधी हात तरी धुवायचेस."

"राहू दे, ताई," ती म्हणाली. "आज सुट्टी आहे."